सातबारा नसलेलं बेट

केप टाऊनच्या बंदरातून ट्रिस्टन द कुन्हा नावाच्या बेटाकडे वर्षातून मोजक्याच बोटी सुटतात. बहुतेक मासेमारीच्या, नाहीतर मालवाहू. उतारूंसाठी त्यांत डझनभर जागा. एवढ्या थोड्या जागा म्हटल्यावर मानाची उतरंड ठरलेली असणारच. आजारी माणूस सगळ्यांत आधी. मग बेटावरचे रहिवासी, बेटाच्या कामाला निघालेले डॉक्टर, मास्तर, सरकारी माणसं. या सगळ्यांचं सामानसुमान आत जाऊन एखादी खाट रिकामी उरलीच, तर मग नुसतं बघायला म्हणून निघालेला पाहुणा. जिकडेतिकडे पर्यटकांसाठी पायघड्या घालायची चढाओढ लागलेली असताना, पाहुण्याला त्याची पायरी इतक्या शांतपणे दाखवणारी यादी मी दुसरी पाहिली नाही. ती वाचली आणि मला या बेटाची ओढ लागली. जिथलं आमंत्रण नसतं त्या घरच्या लग्नात जेवायला काय होतं याची उत्सुकता जरा जास्तच असते.

मी तिथे गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. जायचा योग आहे असंही वाटत नाही. मनाने मात्र वरचेवर जाते, विशेषतः गावाहून कुणा चुलतभावाचा फोन येऊन गेल्यावर. आमचं माहेर गुहागर तालुक्यातली एक वाडी. सगळी घरं एका आडनावाची, म्हणजे सगळी भावकी. आणि भावकी म्हटली की पाठोपाठ सातबारा आला. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की हजेरीपट वाटावा. त्यातली निम्मी माणसं वर गेलेली, काही मुंबईला, आणि माझ्यासारख्या लेकी 'इतर हक्क' या रकान्यात, माजघराच्या दाराआड उभ्या असल्यासारख्या. या फोनांमध्ये हिस्सा, वहिवाट, मोजणी, सामाईक असे शब्द येऊन जातात. फोन ठेवला की मी दक्षिण अटलांटिकात निघून जाते.

बेट म्हणजे समुद्रातून उठलेला एक ज्वालामुखी. रुंदी जेमतेम १२ किलोमीटर आणि उंची २,०६२ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने चढ. वायव्येच्या पायथ्याशी सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी सुटली आहे, तेवढ्यावर सगळी वस्ती. माणसं अडीचशेच्या आत. सर्वांत जवळचा शेजार सेंट हेलेना, सुमारे २,४०० किलोमीटरवर. केप टाऊन सुमारे २,८००. केप टाऊनहून निघालेली बोट आठवडाभराने पोचते, आणि पोचली म्हणजे उतरता येतं असं नाही. बंदर चिमुकलं, समुद्र लहरी. लाटा शांत झाल्या नाहीत तर बोट दिवसचे दिवस समोर उभी राहते, आणि उतारू कठड्याला टेकून बेटाकडे बघत राहतात. काहींना तसंच परत जावं लागलं आहे.

ही परंपरा पहिल्या पाहुण्यापासूनची. १५०६ साली ट्रिस्टाव द कुन्हा हा पोर्तुगीज दर्यावर्दी आपल्या हिंदुस्थानाकडे यायला निघाला होता. त्याच ताफ्यात, त्याच्या हाताखाली, अफोन्सो द अल्बुकर्क होता. पुढे चार वर्षांनी गोवा घेतलं तोच. वाटेत हे बेट दिसलं. दर्या खवळलेला होता, उतरणं जमलं नाही. मग त्याने बेटाला आपलं नाव दिलं आणि तो पुढे निघाला. पाऊल न टाकता पाटी लावून जाण्याची ही कला जमीनजुमल्याच्या व्यवहारात आमच्याकडेही चांगली अवगत आहे, पण तिला तलाठ्याची मदत लागते.

पुढची तीनशे वर्षं बेटावर कायमची वस्ती अशी झालीच नाही. १८१०-११ च्या सुमाराला अमेरिकेतल्या सेलमचा जोनाथन लॅम्बर्ट नावाचा गृहस्थ दोन-तीन सोबत्यांसह उतरला आणि स्वतःला त्याने बेटांचा मालक म्हणून जाहीर केलं. थोड्याच काळात तो मासेमारीला गेला असता बुडाला. मालकी सांगणारा पहिला माणूस समुद्राने इतक्या तातडीने परत नेला, याचा बेटाच्या मनावर काही परिणाम झाला असावा, असं मला उगीच वाटतं. मग १८१६ मध्ये आली ब्रिटिशांची शिबंदी. कारण काय, तर नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं होतं आणि त्याला सोडवायला कुणी या बेटाचा आडोसा घेऊ नये. मधलं अंतर २,४०० किलोमीटर. आमच्या भाषेत सांगायचं तर थिबा राजाला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवायचं आणि तो पळू नये म्हणून पहारा ल्हासाला बसवायचा. वर्षभर समुद्राकडे टक लावून बसल्यावर सरकारच्या लक्षात आलं, आणि १८१७ मध्ये शिबंदी परत निघाली. विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश कॉर्पोरल तेवढा म्हणाला, मी राहतो. त्याची बायको, लेकरं आणि दोन गवंडी त्याच्याबरोबर मागे राहिले.

राहिल्यावर या माणसांनी काय केलं असेल? एक करारनामा लिहिला. गुरंढोरं आणि सामान सगळ्यांचं सारखं, फायदा झाला तर सारखा वाटायचा, खर्च आला तर सारखा भरायचा, आणि कुणीही दुसऱ्यापेक्षा वरचढपणा करायचा नाही. कागदावर सह्या झाल्या. मोजून तीन पुरुष, एक बाई, काही पोरं आणि भोवताली हजारो मैल पाणी. अशा जागी वरचढपणा करून करणार कुणावर, असं आपल्याला वाटेल. पण ज्याने भावकी पाहिली आहे त्याला कळेल की माणसं जितकी थोडी तितकी ही तरतूद आधी लिहून ठेवणं बरं. आता पुढाकार कुणीतरी घ्यायचाच असतो, तो ग्लासने घेतला, आणि येणारीजाणारी जहाजं त्याला गव्हर्नर म्हणू लागली. त्यानेही ते कानाआड केलं असेल. समतेला तेवढं चालतं.

तो कागद जुना झाला तरी विरला नाही. आजही ट्रिस्टनवरची जमीन सगळ्यांची मिळून आहे. बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही, तिथे कायमचं राहायला जाता येत नाही. कुणी किती गुरंमेंढरं पाळायची याला मर्यादा आहे. एक कारण चराई पुरावी हे, आणि दुसरं उघडच सांगतात की एखाद्या घराने फार वर जाऊ नये. बटाट्याच्या वाफ्यांभोवती दगडावर दगड रचून गडगे घातलेले आहेत, चुना-सिमेंट काही नाही, हुबेहूब आमच्या वाडीसारखे. फोटो पाहून मला भरून आलं होतं. फरक एवढाच की तिथला गडगा वारा आणि गुरं अडवायला घालतात. आमच्याकडचा सख्ख्या भावाला अडवायला घातलेला असतो, गुरं त्यावरून खुशाल उड्या मारतात.

आमच्या गडग्यावर एक फणस आहे. कापा. त्याचं खोड आमच्या हद्दीत, फांद्या निम्म्या धाकट्या काकांच्या. त्यावरून आजोबांच्या वेळी सुरू झालेली बोलाचाली अजून पुरती संपलेली नाही. एका वैशाखात आत्याला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं. ती सकाळच्या एसटीने आली, पडवीत बसून तिने चहा घेतला, कागद वाचायचं नाटकसुद्धा न करता सही केली आणि शाई वाळेपर्यंत पदराने हळूहळू वारा घालत राहिली. जाताना तिला साडी दिली, आणि त्या गडग्यावरचाच एक फणस. काकांनी स्वतः तो एसटीच्या टपावर चढवला. "आक्का, घरी गेल्यावर कापशील तेव्हा हाताला तेल लाव हो," असं त्यांनी दोनदा बजावलं. तिला फणस कापायला शिकवणारे ते कोण! पण त्यांचा आवाज त्या वेळी इतका मऊ झाला होता की आत्या नुसती मान हलवत राहिली. सही घेतल्यानंतर भावांना बहिणीची माया येते ती खरी असते. तिची वेळ तेवढी चुकलेली असते.

ट्रिस्टनवरही सगळी एकमेकांची नातेवाईकच. १८२७ मध्ये बेटावर पाच सडे पुरुष होते. त्यांनी सेंट हेलेनाला निघालेल्या एका कप्तानाला गळ घातली की येताना आमच्यासाठी बायका घेऊन या. कप्तान गेला आणि खरंच पाच जणींना घेऊन आला. पत्रिका नाही, फोटो नाही, मुलगा काय करतो हा प्रश्न तर नाहीच, कारण मुलगा काय करतो हे किनाऱ्यावरूनच दिसत होतं. या घरांत पुढे कुणी फुटलेल्या जहाजातून पोहत आलेला डच, कुणी देवमाशांच्या मागे आलेला अमेरिकन, १८९२ मध्ये जहाज फुटून अडकलेले दोन इटालियन खलाशी असे मिसळत गेले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लावारेलो. पुढे कितीतरी वर्षं ही सात आडनावं अदलाबदल करून बेटाने आपला संसार चालवला. हल्ली एखाददुसरं नवीन आलं आहे.

लोक या बेटाला स्वयंपूर्ण म्हणतात. मला त्या शब्दाची जरा गंमत वाटते. बेट जिच्यावर जगतं ती शेवंड. पहाट फुटताना जाणती माणसं समुद्राकडे बघतात आणि दिवस मासेमारीचा आहे असं ठरलं की वस्तीत टोले पडतात. घंटा म्हणजे टांगलेला जुना गॅसचा सिलिंडर. टोले ऐकले की सरकारी नोकरीतली माणसंही नोकरी बाजूला ठेवून होडीकडे निघतात. रजेचा अर्ज नाही, आणि साहेबाला रागावता येत नाही, कारण त्याचा मेहुणा त्याच होडीवर आहे. दिवसभर पिंजरे टाकायचे, ओढायचे, एकेक शेवंड मापाला लावून बघायची. मापात न बसणारी परत पाण्यात. पोटाखाली अंड्यांचा घोस असलेली मादीही परत पाण्यात. संध्याकाळी होड्या आल्या की कारखान्याचे दिवे लागतात आणि बायाबापड्या रात्री उशिरापर्यंत शेवंडी निवडून, साफ करून गोठवायला लावतात. तिथून ती शेवंड जाते अमेरिकेत, जपानात, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर. म्हणजे जगातली सर्वांत एकांतातली वस्ती निवांत राहावी म्हणून दूर कुठेतरी कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस थाटात साजरा व्हावा लागतो. त्या जोडप्याला याची कल्पना नसते. बेटालाही त्या जोडप्याची नसते. दोघांचं छान चाललं आहे.

पण बेटाचा खरा जीव बटाट्यात. पैसा तिथे उशिरा आला, दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं ठाणं पडल्यावर. त्याआधी देवघेव वस्तूंची. १९४६ मध्ये बेटाच्या टपाल तिकिटाचा एक नमुना तयार झाला, त्यावर किंमत छापली होती: एक पेनी, आणि शेजारी चार बटाटे. लंडनच्या साहेबांना ते काही मानवलं नाही. अधिकृत तिकिटं १९५२ मध्ये आली, ती बिनबटाट्याची. मला मात्र त्या नमुन्यासारखं प्रामाणिक चलन दुसरं ठाऊक नाही. साठवून ठेवलं तर कोंब येतात, पुरून ठेवलं तर दामदुपटीहून जास्त होतं, आणि फार श्रीमंत झालात तर उंदीर लागतात. हे उंदीर १८८२ मध्ये फुटलेल्या एका जहाजातून उतरले, विनापरवाना. त्यांच्यासाठी वर्षातला एक दिवस सुट्टी असते. टोळ्या करून घरंच्या घरं उंदीर मारायला निघतात आणि सर्वांत लांब शेपटीला बक्षीस देतात. वर्षअखेरच्या रात्री बाप्ये मुखवटे घालून, सोंगं काढून पोरीबाळींना घाबरवत फिरतात. हे वाचताना मी चमकले. हा तर आमचा शिमगा.

वाफ्यांकडे जायला वस्तीपासून तीनेक किलोमीटरचा रस्ता. तिथे प्रत्येक घराने एकेक खोपटं बांधलं आहे, आणि डिसेंबरात सुट्टी लागली की माणसं सामान बांधून तिथे हवापालटाला जातात. तीन किलोमीटरवर. तोच समुद्र, तोच डोंगर, शेजारच्या खोपटात तेच शेजारी. आमच्या सोसायटीतली माणसं केरळ करून येतात, सिक्कीम करून येतात, आणि आल्यावर पाठ धरलेली असते. मी मनाने जाते ती बहुधा या खोपटांत. दुपारची वेळ, बाहेर वारा, आत चुलीवर बटाटे, आणि जगात आपल्याला कुणाचीही पाठ दिसत नाही, सगळ्यांचे चेहरेच दिसतात, कारण ओळखीचं नसलेलं कुणी नाहीच. थोड्या वेळाने मला तिथे घुसमटायला होतं, हेही खरं. सात आडनावांत एखाद्या मुलीला एकटीनेच रडायचं असेल तर ती कुठे जात असेल?

सगळं बटाट्यासारखं गोल गरगरीत नव्हतंच. 'ॲलिस'वाल्या लुईस कॅरोलचा सगळ्यांत धाकटा भाऊ एडविन डॉजसन इथे १८८१ मध्ये पाद्री होऊन आला. त्याला वाटे, माणसांनी राहावं अशी ही जागा नाही, सगळ्यांना इथून हलवलं पाहिजे. तो कंटाळून गेला. मग १८८५ च्या नोव्हेंबरात एक जहाज दिसलं म्हणून पंधरा जण होडी वल्हवत त्याच्याशी सौदा करायला निघाले आणि पंधराही जण परत आले नाहीत. बेटावर जाणते पुरुष बोटांवर मोजण्याइतके उरले; बाकी विधवा, मुलं, म्हातारे. ती बातमी इंग्लंडला पोचली, आणि जो पाद्री या बेटाला इतका विटला होता तोच १८८६ मध्ये परत आला. भावाने लिहिलेली नवलनगरी साऱ्या जगाला पाठ झाली. याने तीन वर्षं बटाटे खाऊन विधवांची पोरं शिकवली, ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१९६१ मध्ये तर ज्वालामुखीनेच नोटीस दिली. त्या वर्षी जुलैत पुण्यात पानशेत फुटलं, आणि ऑक्टोबरात ट्रिस्टनच्या वस्तीला खेटून जमीन फाटली. सगळं बेट होड्यांत बसून निघालं ते मजल दरमजल करत अखेर पोचलं इंग्लंडला, साऊदॅम्प्टनजवळच्या कॅलशॉट नावाच्या जुन्या लष्करी छावणीत. सरकारला वाटलं, आता हे लोक सुधारतील. नोकऱ्या दिल्या, टीव्ही दिला, बस दिली, डॉक्टर दिला. वर्षभराने मत घेतलं: परत जायचं की राहायचं? जायचं म्हणणारे १४८, राहायचं म्हणणारे ५. १९६३ मध्ये माणसं परत गेली. शेवंडीचा कारखाना लाव्ह्याखाली गडप झाला होता, तो पुन्हा उभारला. माझी एक मावशी पानशेतच्या पुरानंतर पेठ सोडून पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेली आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथे राहून "जरा घराकडे जाऊन येते" असं म्हणत पेठेत डाळ आणायला जात राहिली. तिला कुणी मत विचारलं नाही. ट्रिस्टनच्या लोकांनी नंतर १९६७ मध्ये आपलं ते चिमुकलं बंदर बांधलं, तेव्हा त्याला नाव दिलं कॅलशॉट. ज्या जागेतून एवढ्या निकराने परत आलो तिचं नाव आपल्या दाराला लावायला मन मोठं लागतं. आमच्या वाडीत असं काही व्हायचं असेल तर काकांच्या नावाने एखादी पायरी बांधावी लागेल. मी भावाला सुचवून पाहिलं. त्याने विषय बदलला.

बेटावर जायचं तर आधी अर्ज करावा लागतो, आणि तो बेटाचं मंडळ बघतं. का यायचंय, किती दिवस, राहणार कुणाकडे, परतीचं काय, हे सगळं सांगावं लागतं. कारण काय लिहायचं इथे माझं घोडं अडतं. पक्षी बघायला, असं लिहिणारे पुष्कळ असतील, आणि ते खरंच लिहीत असतील. 'सातबाऱ्यावाचून भावकी कशी टिकते ते पाहण्यासाठी' असं मी लिहिलं तर मंडळातल्या माणसांना त्याचा अर्थ कोण समजावणार? आणि समजलाच, तर ते विचारतील, बाई, तुमच्याकडे समुद्रही आहे, मासळीही आहे, गडगे आहेत, सोंगं आहेत, मग इतक्या लांब कशाला येता?

तुमच्याकडे याहून बरं कारण असेल तर अर्ज जरूर करा. बेटाला २००५ पासून स्वतःचा पिनकोड आहे, टीडीसीयू १झेडझेड. तो मिळण्याआधी टपालातला घोळ ठरलेला, कारण वस्तीचं अधिकृत नाव एडिंबरा आणि त्याच नावाचं दुसरं एक गाव स्कॉटलंडात आहे. पत्र बोटीनेच जातं, तेव्हा उत्तर यायला महिने लागतील असं धरून चालावं. परतीची जागा आधी ठरवावी. घाई असलेल्यांनी अर्ज करू नये.